उलबोसिनचं नाव

“हिरवा पाला दाखवून कोकरू ओढून नेतात, तसं चाललंय तुमचं,” उलबोसिन म्हणाली आणि चहाची वाटी तिनं इतक्या जोरात टेकवली की दुधाळ चहा हिंदकळून चादरीवर सांडला. “आज म्हणे ताश्कंदची बाग. परत येताना म्हणाल, आलीच आहे तर चार दिवस राहू दे. पाचव्या दिवशी गणवेश शिवून तयार. मी काय काल जन्मले?”

“आपा, गणवेश विकत मिळतो. आता कुणी शिवत नाही,” मक्सूत म्हणाला. हा तिचा एकुलता मुलगा. शिमकेंत शहरात एसी दुरुस्त करतो.

“बघा! चौकशीसुद्धा करून आलाय!”

“सप्टेंबरात शाळा सुरू होणार, पोर सात वर्षांची होईल. आमच्या घरासमोर शाळा आहे. आत पोहायचा तलाव आहे, आपा.”

“पोहायला सिर नदी आहे. तू कुठं शिकलास? इथंच ना? मग काय अडलं तुझं?”

“मग तू पण चल. एक खोली तुझीच ठेवलीय.”

“त्या टांगलेल्या पेटीत? खिडकीतून खाली बघितलं की माणसांची नुसती टाळकी दिसतात. आणि गाय? गाय काय लिफ्टनं वर नेऊ?”

मला हसू आलं. मी तिची धाकटी जाऊ, झिबाश. आमची अंगणं एकाला एक लागून आहेत, त्यामुळे तिच्या घरच्या भांडणाला मला बोलावणं लागत नाही. सून आकमारल समोवारजवळ बसून चहा ओतत होती. ती गप्प होती. आमच्याकडे सुना बोलत नाहीत असं नाही. पण ज्या मुलीवरून भांडण चाललं होतं ती तिच्याच पोटची होती, आणि नेमकं तेवढंच एक वाक्य त्या घरात म्हणायचं नव्हतं.

तेवढ्यात ती मुलगी, रायहान, ओल्या पायांनी आत धावत आली. “आपा, तिथं खरंच किल्ला आहे? वहिनी म्हणते जांभळा आहे.”

“तुझी वहिनी म्हणते तर असेल,” उलबोसिन म्हणाली आणि पदरासारख्या ओढलेल्या रुमालाच्या टोकानं तिचे पाय पुसू लागली.

वहिनी म्हणजे आकमारल. मुलाचं पहिलं मूल आजी-आजोबांच्या कुशीत द्यायचं, हे आमच्यात चालतच आलं आहे. रायहान वर्षाची झाली, अंगावरचं दूध सुटलं, तेव्हा मक्सूतचे वडील म्हणाले, “ही आमची.” त्यावर कोण काय बोलणार? आकमारलनं झबली घडी करून दिली आणि ती दोघं शिमकेंतला गेली. तेव्हापासून पोर आजीला आपा, म्हणजे आई म्हणते, बापाला दादा म्हणते आणि जन्म दिलेल्या बाईला वहिनी. आकमारलला पुढे मूल झालं नाही. मक्सूतचे वडीलही गेले. आता त्या घरात म्हातारी, पोर आणि गाय.

आकमारल औषधांच्या दुकानात असते. दातखीळ बसेल अशी औषधांची नावं तिला पाठ आहेत, पण सासूचं नाव तिनं लग्न झाल्यापासून एकदाही घेतलेलं नाही. सुनेनं सासू-सासऱ्यांचं नाव घेऊ नये, त्या नावासारखा शब्दसुद्धा टाळावा. आता उलबोसिन म्हणजे ‘मुलगा होवो’. जाऊबाई चौथी मुलगी म्हणून जन्मल्या, तेव्हा पुढचा तरी मुलगा यावा म्हणून हे नाव ठेवलं. आलाही. म्हणजे जन्मभर त्यांना हाक मारली ती दुसऱ्याला बोलावण्यासाठी. आणि नावात ‘होवो’ आला, म्हणून आकमारल लग्नघरी ‘सुखी होवोत’ म्हणत नाही, ‘सुख घडो’ म्हणते. दुकानातल्या पोरी तिला घडोबाई म्हणून चिडवतात.

“तिकिटं काढून झालीत,” घडोबाई आता पहिल्यांदा बोलली. “आपल्या सगळ्यांची. झिबाशकाकूंचंसुद्धा.”

हे तिनं बरोबर ओळखलं होतं. मी असल्याशिवाय उलबोसिन उंबरा ओलांडणार नव्हती. उलबोसिननं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

“बाग बघू,” शेवटी ती म्हणाली. “शाळेचं परतताना. पण पोर माझ्या मांडीवरून हलणार नाही.”

परतताना मक्सूत आणि आकमारल अरिस जंक्शनला उतरून शिमकेंतची गाडी धरणार होते, आणि आम्ही तशाच पुढे आमच्या शिएलीला येणार होतो. म्हणजे रायहान कुणाबरोबर उतरणार, हे अरिस यायच्या आत ठरायला हवं होतं.

गाडी पहाटे आली. शिएलीच्या फलाटावर उलबोसिननं अर्धा जन्म काढला आहे. उन्हाळ्यात खरबुजं, थंडीत धुरावलेले मासे, आणि बारा महिने पिठाचे गरम तळलेले बाउरसाक. गाडी थांबली की टोपली उचलून डब्यामागून डब्याकडे पळायचं, वर हात करून माल द्यायचा, वरून आलेले पैसे मुठीत घ्यायचे, आणि गाडी हलली की मागे सरायचं. गाडीत चढायची वेळ फारतर किझिलओर्दाला दवाखान्यात जाण्यापुरती.

“काय गं, आज टोपली कुठं?” फलाटावरची एक जण ओरडली.

“आज मीच टोपलीत बसलेय!” उलबोसिन दारातून म्हणाली.

पण खिडकीशी बसल्यावर तिचं हसू मावळलं. खाली तिच्या मैत्रिणी वर तोंड करून धावत होत्या, हातातले मासे उंच धरून. तिनं काचेला कपाळ टेकवलं.

“झिबा, एवढ्या खाली असतो का गं आपण?”

गाडी हलली. फलाट, पाण्याची टाकी, चिनारांची रांग, सगळं कुणीतरी हळूच कापड ओढून न्यावं तसं मागे गेलं. मग सपाट माळ सुरू झाला आणि तो संपलाच नाही. मिठानं पांढरी पडलेली जमीन, तिच्यावर सकाळचा कोवळा उजेड, कुठं एखादा उंट मान वळवून उभा. जवळचं सगळं पळत होतं आणि लांबचं जागच्या जागी होतं. रायहान उलबोसिनच्या मांडीवर, तिचं डोकं उलबोसिनच्या छातीवर, आणि दोघी एकाच तोंडानं बघाव्यात तशा बाहेर बघत होत्या. समोर आकमारल उकडलेलं मांस लहान तुकडे करून ठेवत होती. एक तुकडा तिनं पोरीपुढे धरला. पोरीनं तो तोंडात घ्यायच्या आधी वर बघितलं. उलबोसिननं मान हलवल्यावर मग घेतला.

“वहिनी, तू चांगली आहेस,” रायहान भरल्या तोंडानं म्हणाली.

“हो का? शिमकेंतला सगळ्यांना सांगेन,” आकमारल म्हणाली आणि सुरी पुसत राहिली.

दुपारी देशाची सीमा आली. आमच्या बाजूचा अधिकारी डब्यात चढला. तरुण पोरगा, टोपीखाली घामाघूम. त्यानं कागद बघितले आणि मग पद्धतीप्रमाणे मुलीला विचारलं, “बाळ, यातली तुझी आई कोण?”

रायहाननं उलबोसिनच्या गळ्यात हात टाकला. “ही!”

अधिकाऱ्यानं कागद बघितला, उलबोसिनच्या सुरकुत्या बघितल्या, आकमारलकडे बघितलं आणि एकदम हसला. “आजीची लेक होय! मी पण तसलाच. माझी खरी आई अजून मला दीर समजून जेवायला वाढते.” शिक्का मारून तो गेला. मक्सूत हसला, मीही हसले. आकमारलही हसली आणि खिडकीबाहेर बघू लागली, जिथं तारेच्या कुंपणाशिवाय काही नव्हतं.

ताश्कंदला रात्र मक्सूतच्या ओळखीच्या घरी काढली आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बागेत गेलो.

किल्ला खरंच जांभळा होता. मी कशाला खोटं बोलू, मलाही तो आवडला. त्याच्या टोकांवर सोनेरी चेंडू होते, खाली मोठं तळं, तळ्यात पाणी नाचत होतं आणि कुठून तरी गाणं येत होतं. ते गाणं कुठून येतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. झाडांतून येत असावं. दारावरची मुलगी उलबोसिनला म्हणाली, “या ना ओपा, इकडून या.” ताश्कंदला ओपा म्हणजे ताई.

“ऐकलंस? ताई म्हणाली मला!” उलबोसिन खूश झाली. “तुला नाही म्हणाली.”

फिरत्या घोड्यांवर रायहान एकटी बसेना, म्हणून उलबोसिन चढली. आधी नको नको म्हणाली, मग बापाच्या घोड्यावर बसायची तशी टांग टाकून बसली. घोडे वर-खाली होत गोल फिरू लागले. दिवे लागत होते. तिचा पांढरा रुमाल, पोरीची लाल रिबीन, पुन्हा रुमाल, पुन्हा रिबीन. प्रत्येक फेरीला ती आमच्यासमोर यायची तेव्हा तिचं वय थोडं कमी झालेलं असायचं. आकमारल कठड्याला धरून उभी होती आणि दर फेरीला हात हलवत होती. पोर दर फेरीला तिला नव्यानं भेटल्यासारखी ओरडत होती, “वहिनीऽऽ!”

उतरल्यावर उलबोसिन म्हणाली, “घोडा चांगला आहे. फक्त श्वास घेत नाही.”

ती दमली होती. तळ्याकाठच्या बाकावर ती पोरीला घेऊन बसली. मक्सूत पाळण्याची तिकिटं काढायला रांगेत गेला, आकमारल आणि मी आइस्क्रीम आणायला.

पुढचं उलबोसिननं मला नंतर सांगितलं. पाणी नाचत होतं, गाणं चाललं होतं, तिचा डोळा लागला. स्वप्नात ती शिएलीच्या फलाटावर होती. गाडी उभी होती. तिनं टोपलीतून खरबूज उचललं आणि खिडकीत दिलं. वरून दोन हात आले. खरबूज गरम होतं, माणसासारखं गरम. हातांनी ते आत घेतलं आणि गाडी हलली. ती पैसे मागायला पळाली, मग तिच्या लक्षात आलं की पैसे नकोच आहेत. ती जागी झाली तेव्हा मांडी रिकामी होती.

आम्ही आलो तर ती बाकाभोवती गोल गोल फिरत होती. “इथंच होती. आत्ता इथंच होती.”

मक्सूत तळ्याकडे धावला. त्याचा चेहरा मला बघवला नाही. “आपा, तू इथून हलू नकोस, ती इथंच परत येईल,” असं सांगून आकमारल वळली आणि किल्ल्याच्या पायथ्याशी एक काचेची खोली होती तिकडे पळाली. मी मागोमाग.

आत एक गोरटेली ताश्कंदची पोरगी कर्ण्याच्या यंत्राशी बसली होती. “काळजी नको, रोज हरवतात,” ती म्हणाली. “मुलीचं नाव? आईचं नाव?”

“रायहान. आईचं आकमारल.” हे मात्र तिनं असं सांगितलं, जसं औषधाचं नाव सांगावं. चूक व्हायला नको.

सगळ्या बागेत आवाज घुमला. “छोटी रायहान, तुझी आई आकमारल किल्ल्याच्या दारात वाट बघतेय.” गाणं थांबलं होतं, पुन्हा सुरू झालं. आम्ही दारात उभ्या राहिलो. कितीतरी मुलं आली आणि गेली. पोरगीनं पुन्हा पुकारलं. पुन्हा मुलं आली, फुगे आले, रायहान आली नाही.

“मुलीला आईचं नाव माहीत आहे ना?” पोरगीनं विचारलं. सहज विचारलं, तिचा काही दोष नाही.

आकमारल यंत्राच्या जवळ सरकली. मग म्हणाली, “असं सांगा. तिची आपा वाट बघतेय.”

“ओपा? मोठी बहीण?”

“नाही. आपा. आमच्याकडची आपा.”

“बाई, बागेत शंभर ओपा आहेत. नाव सांगा ना तिचं, नाव!”

मी सांगते म्हणून पुढं झाले, तर आकमारलनं माझं मनगट धरलं. ती भिंतीकडे वळली, सासऱ्यासमोर वळायची तशी, आणि भिंतीला म्हणाली, “उलबोसिन.”

“ऐकू नाही आलं.”

“उलबोसिन,” आकमारल आता मोठ्यानं म्हणाली. “तिच्या आईचं नाव उलबोसिन. असं पुकारा.”

आणि ते नाव जांभळ्या किल्ल्यावरून, तळ्यावरून, झाडांवरून गेलं. “छोटी रायहान, तुझी आई उलबोसिन वाट बघतेय. आई उलबोसिन.”

आवाज विरायच्या आत रायहान आली. फिरत्या घोड्यांच्या मागून, लाल रिबीन सुटलेली, मुळीच घाबरलेली नव्हती. घोडे श्वास घेत नाहीत असं आपा म्हणाली होती, म्हणून ती नाकाशी हात धरून बघायला गेली होती.

“आपा कुठंय?” तिनं विचारलं. आणि मग आकमारलचा हात धरून, अगदी गुपित सांगावं तसं, “वहिनी, माहितीय? इथं आणखी एक रायहान हरवलीय. आणि तिच्या आईचं नाव तुझ्यासारखंच आहे! दोनदा बोलावलं तिला. ती येतच नव्हती. बिचारी आई.”

“सापडेल ती,” आकमारल म्हणाली आणि खाली बसून तिची रिबीन बांधू लागली. गाठ बसायला खूप वेळ लागला.

बाकापाशी उलबोसिन उभी होती. रुमाल खांद्यावर घसरला होता, केस उघडे, आणि त्याचं तिला भान नव्हतं. पोरीला तिनं उचललं, मुके घेतले, एक धपाटाही घातला. सुनेकडे तिनं बघितलं नाही. सून समोर असूनही बघितलं नाही, याचा अर्थ तिनं सगळं ऐकलं होतं. मक्सूत धापा टाकत आला. मग सगळे पाळण्यात बसलो, कारण तिकिटं होती. पाळणा वर गेला तेव्हा अख्खं ताश्कंद खाली दिव्यांच्या साईसारखं पसरलं होतं. उलबोसिननं वरून बघितलं आणि पहिल्यांदाच टाळक्यांबद्दल काही म्हणाली नाही.

परतीची गाडी सुटली. पुन्हा तोच माळ, पण आता उन्हानं पिवळा, डोळे मिटले तरी पापणीआड तसाच सरकत राहणारा. रायहान वरच्या बर्थवर झोपली होती, खाली लोंबणारा तिचा पाय गाडीबरोबर हलत होता. उलबोसिन तो पाय बघत बसली होती.

“तिला हाक ऐकू आली होती, झिबा,” ती एकदम हळूच म्हणाली. “दोनदा आली होती, पाळण्यात तिनंच सांगितलं. ऐकून ती दुसऱ्याच पोरीची कीव करत होती.”

मी चहा ओतला.

अरिस जवळ आलं तशी आकमारल उठली आणि सामान वेगळं करू लागली. तिची नि मक्सूतची पिशवी दाराशी. मग रायहानचे कपडे तिनं एकेक घडी केले. लाल फ्रॉक, मोजे, बागेत घेतलेला कागदी मुकुट. आणि सगळे उलबोसिनच्या पिशवीत ठेवले. मुकुट चुरगळू नये म्हणून वर रुमाल घातला.

“हे काय?” मक्सूत म्हणाला. “आपण बोललो होतो ना? शाळेचं विचार ना आपाला. तू विचारत नसशील तर मी...”

“नको,” आकमारल म्हणाली. “शाळा शिएलीतच. सगळं चांगलं...” ती सवयीनं अडखळली, “चांगलं घडो.”

“होवो म्हण,” उलबोसिन म्हणाली.

आकमारलनं वर बघितलं.

“म्हण होवो. अख्ख्या ताश्कंदला ऐकवलंस माझं नाव, आता डब्यात लाजतेस? साठ वर्षांत त्या नावानं मला हाक मारली ती माझ्याचसाठी, असं काल एकदाच झालं. ते सुनेच्या तोंडून व्हायचं होतं.” तिनं स्वतःची पिशवी पुढं ओढली, मुकुट बाहेर काढला, कपडे उपसले आणि आकमारलच्या पिशवीत कोंबले. मग त्यावर स्वतःचा जाड स्वेटर, आपली गोळ्यांची डबी आणि वाटी. पिशवीची चेन लागेना, तशी ती गुडघा टेकवून दाबू लागली.

“आपा, काय करतेस?” मक्सूत म्हणाला.

गाडीचा वेग कमी झाला. बाहेर अरिसचे रूळ एकात एक मिसळायला लागले. फलाटावर बायका टोपल्या घेऊन धावत होत्या, वर तोंड करून.

“पोरीला उठव,” उलबोसिन त्याला म्हणाली. “ती आणि मी, दोघी इथंच उतरतोय. खोली रिकामी आहे म्हणालास ना? मला आपा म्हणेल, हिला काय म्हणायचं ते हळूहळू शिकेल. मी शिकवीन. आणि पुन्हा कुठं हरवली तर दोन्ही नावं पुकारायची.”

मग ती माझ्याकडे वळली.

“झिबा, गाईची धार तू काढ. डाव्या बाजूनं बसू नकोस, लाथ मारते.”